घुमटावरून दिसलेला समुद्र

वच्छे, घुमटावरून मला काहीही दिसलं नव्हतं.

तलाव नाही, किल्ल्याची टेकडी नाही, आगगाडीचे रूळ नाहीत. समुद्र तर नाहीच नाही. नागपुरात समुद्र कुठून येणार? एवढ्या उंचावर जाऊन मी काय केलं, तर डोळे घट्ट मिटले, परांचीच्या बल्लीला अशी मिठी मारली की नवऱ्यालाही कधी मारली नसेल, आणि कुलदैवतापासून बांधावरच्या म्हसोबापर्यंत जेवढी नावं येत होती तेवढी पुटपुटत उभी राहिले. शेवटचं घमेलं उलटं केलं तेसुद्धा डोळे मिटूनच. अर्धा माल भोकावर पडला, अर्धा मिस्त्रीच्या पायावर. तो तेव्हा जे बोलला ते तुझी तेरवी होऊन आठवडा झाला नाही तोवर लिहिणं बरं दिसत नाही.

आणि खाली उतरून, तुझ्यासमोर उभी राहून, मी तुला अख्खं शहर दाखवलं. तेव्हापासून दाखवतच आले. तू गेलीस, तरी माझं ते खोटं अजून तिथंच वर उभं आहे. सातवी पास असल्याचा तोरा मी तुझ्यापुढे जन्मभर मिरवला. आज पहिल्यांदा त्या सातवीचा काही उपयोग करावा म्हणते.

तेरवीला आलेल्या बाया मला पाहून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. धाकट्या जावेसाठी एवढं कोण रडतं? त्यांना वाटलं, म्हातारी नाटकी आहे. म्हातारी नाटकी आहेच. पण त्या रडण्यात दुःख किती आणि भीती किती, हे मलाही सांगता येणार नाही. तू वर गेलीस. तिथून आता तुला सगळं दिसत असणार. माझे मिटलेले डोळेसुद्धा.

त्या वर्षी तूर घरात आली आणि शेतात काही काम उरलं नाही. आपल्या अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारात मुकादम माणसं गोळा करत होता. तुझ्या लग्नाला वर्ष झालेलं, माझा प्रकाश कडेवर. जऊळक्याच्या ठेसनावर दोघींचे मालक तिकिटाच्या रांगेत, आणि आपण दोघी गाठोड्यांवर बसलो होतो. मी तुला ज्ञान देत होते की नागपुरात कसं वागायचं, आणि मी स्वतः अकोल्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते! आता त्या वेळच्या माझी, त्या शेवंताची आठवण आली की हसू येतं. डोक्यावर पदर, नाकात नथनी, आणि सगळ्या जगाचं मला कळतं असा चेहरा.

एका मोठ्या चर्चचं काम होतं. भिंती आधीच उभ्या होत्या, आपण गेलो तो घुमटासाठी. अख्खं एक रान तोडून आणावं तशा बल्ल्या उभ्या केलेल्या. शहरात हरवू नये म्हणून मुकादमानं पहिल्याच दिवशी सगळ्या रेजांना, घमेली वाहणाऱ्या आपल्या बायांना, उभं करून सांगितलं, "चौक पाहू नोका, पाट्या वाचू नोका. घुमटाच्या बल्ल्या दिसल्या का तिकडं चालू लागा." आणि खरंच, बाजाराला गेलो, दवाखान्यात गेलो, कुठंही गेलो तरी मान वर केली की तो दिसायचा. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या ओळखीचं तेवढं एकच होतं. रिक्षावाले, दूधवाले, शाळेची पोरंसुद्धा पत्ता सांगताना म्हणायची, घुमटाच्या अलीकडे, घुमटाच्या पलीकडे. तुला त्याचा केवढा अभिमान! "बाई," तू म्हणायचीस, "सारं शहर आपल्या घमेल्याकडं बोट दाखवून राह्यलं."

घुमट म्हणजे आपल्याला तोवर दर्ग्याचा तेवढा ठाऊक होता. शिरपूरच्या देवळाचं शिखर आपण पाहिलं होतं. ते कसं बोटासारखं वर जातं. हा तर मला उपड्या कढईसारखा वाटला. मी तसं म्हणाले तर तू म्हणालीस, "कढई नाई वं बाई. डालं हाय. कोंबडीच्या पिलायवर झाकतो नाई का आपून, तसं." आतली आधाराची लाकडं निघाली आणि जागा मोकळी झाली, तेव्हा तू झाडू घेऊन आत जायचीस आणि लवकर बाहेरच यायची नाहीस. एकदा मी शोधत आले, तर तू मधोमध उभी राहून हळूच "ऊऽऽ" करत होतीस, आणि घुमट तुला "ऊऽऽ" करून उत्तर देत होता.

"पागल झाली का?" मी म्हणाले.

"बाई, घुमट बाहेरून पाहाचा नसते, आतून आयकाचा असते."

"मंग एवढा उंच कोनासाठी बांधला? आयकाले तं भोकाचा माठबी चालते."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते झालंच. मी बाहेरची, तू आतली. माझं म्हणणं, घुमट गावासाठी असतो, लांबून दिसावा म्हणून. तुझं म्हणणं, लांबच्यांना दिसतो तो नुसता रस्ता विचारायला. ज्याला काही मागायचंय तो आत येतो. कोणाचा का देव असेना, छत आपण टाकलं, तर आपलंही थोडं ऐकेल, असा तुझा हिशेब. काय मागायचीस, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं मला माहीत आहे. लग्नाला वर्ष झालेल्या बाईनं काय मागायचं असतं!

आता त्या दिवसाचं लिहिते.

घुमट भरला होता. माथ्यावर परातीएवढं एक भोक तेवढं कप्पीच्या दोरासाठी ठेवलं होतं. आपल्या मुकादमाची रीत होती की छताचं शेवटचं घमेलं सवाष्णीनं टाकायचं. हळदकुंकू लावलेलं घमेलं, मालावर झेंडूचं फूल, खाली नारळ. चर्चचे फादर हसून म्हणाले, तुमची रीत तुम्ही करा. आणि मुकादमानं सगळ्यांदेखत तुझं नाव घेतलं. घ्यायलाच हवं होतं. तुझ्यासारखी त्या फळ्यांच्या चढणीवरून कोण जायची! डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, हात मोकळे, आणि तू अशी जायचीस जशी घरातल्या घरात चाललीस.

रात्रभर तू त्याच आनंदात. "बाई, वरून आपलं गाव दिसन का वं?" सकाळी अंधारातच उठून डोक्यावरून आंघोळ केलीस, लग्नातलं हिरवं लुगडं नेसलीस, आणि त्यावर कामाचा मळका शर्ट चढवायचा की नाही यावर दहा वेळा मला विचारलंस.

आणि मी नुसती जळत होते. मोठी जाऊ मी. लेकुरवाळी मी. सातवी पास मी. आणि फूल ठेवलेलं घमेलं हिच्या डोक्यावर? वच्छे, तेव्हा माझ्या अंगात काय शिरलं होतं ते मी देवाला, नशिबाला, वयाला लावून पाहिलं. कशालाच चिकटत नाही. माझंच होतं. मी मुकादमाच्या बायकोजवळ गेले, मामीजवळ, आणि तिच्या कानाशी लागून म्हणाले, "मामी, वच्छी अडचणीत हाय. लाजेनं बोलून नाई राह्यली. म्हून तं सकायीच डोक्शावरून पानी घेतलं तिनं."

तुझ्या आनंदाची आंघोळ मी तुझ्यावरच पुरावा म्हणून वापरली. अशी लबाडी सुचायला बाईच लागते.

मामी मुकादमाकडे गेली. मुकादम जमिनीकडे पाहत म्हणाला, "बरं बरं, मंग शेवंताले जाऊ द्या." कारण कोणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पुरुष इकडं तिकडं पाहू लागले. तुझे भासरे, म्हणजे माझे मालक, तिथंच उभे. अशा ठिकाणी तू काय म्हणणार होतीस? मी नाही बसले, हे चार पुरुषांत ओरडून सांगणार होतीस? मला ते ठाऊक होतं. त्यावरच माझं सगळं उभं होतं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर मी आजवर ते विसरले असते. तू पाहिलंस ते असं, जसं अंगणातल्या ओळखीच्या कुत्र्यानं अचानक चावा घ्यावा आणि माणसानं त्याच्याकडे पाहावं. मग पदर पुढं ओढलास आणि झोळीतल्या प्रकाशला घ्यायला हात पुढं केलेस.

मी काय म्हणाले? लाज वाटते लिहायला. मी म्हणाले, "पोट्ट्याले उन्हात नोको ठेवू. अन् नळापाशी उभी राहाय, मी वरून तुले हात करतो."

पुढचं तुला सांगितलंच. बल्ली, मिठी, मिस्त्रीचा पाय. चढण घुमटाच्या पोटाला वळसा घालून जायची तिथंच मी खाली बसले होते. मागून एक जण ढकलत होता, पुढून मिस्त्री ओढत होता. खालची माणसं ओरडून जय म्हणत होती, आणि त्यांना वाटत होतं, काय धीराची बाई आहे!

खाली उतरले. नारळ फुटला. तू खोबऱ्याचा तुकडा तोंडात धरून, पोरगं खांद्यावर टाकून आलीस. रुसवा नाही, काही नाही. आधी विचारलंस ते हेच.

"काय दिसलं वं बाई?"

आता काही तरी सांगणं भाग होतं. एवढं करून घेतलेलं घमेलं, आणि काही दिसलं नाही म्हणू? मी सुरू केलं. तलाव असा, तव्यावर पाणी सांडावं तसा. किल्ल्याची टेकडी, तिच्यावर झेंडा. रेल्वे म्हणजे काळी अळी. घरं म्हणजे वाळत घातलेल्या वड्या. सगळं पाहिल्यासारखं सांगितलं, कारण बाजारात लोकांच्या तोंडून जे ऐकलं होतं तेच उंचीवर नेऊन ठेवलं.

"अन् मी? मी दिसली का?"

"दिसली ना! मुंगीएवढी. नळापाशी उभी, प्रकाश कडेवर. हात हालवून राह्यली होती."

तू प्रकाशला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलंस. मग म्हणालीस, "हौ का?" आणि पोरगं माझ्याकडे देऊन झाडू उचललास.

त्या खोट्याची पहिली शिक्षा लगेच मिळाली, ती तरी तुला आवडली असेल. मी सांगितलं म्हणजे तुला बाहेर बसणं आलं. चार दिवस तू निंबाखाली पाय पसरून बसलीस आणि सगळ्यांच्या भाकरी मी थापल्या, पाणी मी आणलं, भांडी मी घासली. तिसऱ्या दिवशी मी धुरानं डोळे पुसत होते तर तू लांबून म्हणालीस, "बाई, भाकर जरा करपली वाटते." तेव्हा मला तुझा राग आला होता. आता वाटतं, तेवढं एकदाच का म्हणालीस? रोज म्हणायला हवं होतं.

त्यानंतर त्या सकाळचं अवाक्षर तू काढलं नाहीस. कधीच. शेतं वाटून घेतली, चुली वेगळ्या झाल्या, आपण दोघींनी वांगी, मेथी, कोथिंबीर लावून मालेगावच्या बाजारात शेजारी शेजारी पोती अंथरली. माझी मेथी उरली तर तू गिऱ्हाईक माझ्याकडे ढकलायचीस. माझ्या बाळंतपणात, माझ्या मालकांच्या दुखण्यात, ते गेल्यावर पहिल्या दिवाळीला, तू होतीस. तुझं हे चांगलं वागणं मला किती जड झालं होतं, तुला कल्पना नाही. एखाद्या दिवशी माझी झिपरी धरून विचारलं असतंस, तर आपण दोघी मोकळ्या झालो असतो. निदान मी तरी.

त्याऐवजी तू विचारायचीस, "बाई, सांग ना वं, वरून काय दिसे?"

बाजारात गिऱ्हाईक नसलं की विचारायचीस. शेंगा फोडताना विचारायचीस. शिरपूरला जैन यात्रेकरूंना काकड्या विकत बसलो होतो तेव्हा एका गुजराती बाईला थांबवून म्हणालीस, "आमच्या बाईले इचारा, घुमटावर गेली होती ते!" आणि मी सांगायचे. तेच तेच किती सांगणार? दर खेपेला थोडं वाढायचं. आधी संत्र्यांचे बगिचे आले. मग राजाचा हत्ती आला. मग एका खेपेला, तू मान तिरपी करून विचारलंस, "अन् समुद्र?"

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. "होता," मी म्हणाले. "थोडासाच. धुरकट."

तुझी सुनंदा तेव्हा शाळेत जात होती. तिनं भूगोलाचं पुस्तक आणून आपल्या दोघींमध्ये आपटलं. "मोठी आई, नागपूरले समुद्र नाई."

मी पुस्तक उलटं करून ठेवलं. आणि तू पोरीवरच खेकसलीस, "पुस्तक लिहिनारा गेला होता काय वर? तुही मोठी आई गेली होती!"

मला त्या दिवशी वाटलं, सुटले. मूर्ख बाई! तुझ्या ओठांच्या कडेला काय चाललं होतं ते पाहिलंच नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट जात नाही. पहिलं खोटं मी तरुणपणी बोलले. त्याला निदान तेवढी तरी पळवाट आहे. दुसरं मी म्हातारपणी बोलले.

प्रकाश नागपुरात नोकरीला लागला. झोळीतलं ते पोरगं आता त्याच शहरात घर करून राहतं. दर दिवाळीला तो म्हणायचा, "आई, काकू, दोघी या. तुमचा घुमट दाखवतो." तू लगेच तयार. आणि मी दरवेळी काही तरी काढायचे. सोंगणी आहे, माझे गुडघे दुखतात. भीती ही, की तिथं वर जायची सोय असली आणि वरून दिसलं निराळंच, तर? गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात ठरलं. तू पिशवी भरून दारात उभी. "मी येतो तुह्याबरोबर. डोये बांधले तं कोन पाहीन तुले?" प्रकाश गाडी घेऊन आलेला. आणि मी त्याला म्हणाले, तू उभी असताना, तुझ्यासमोर, "तिले गाडीत मळमळते रे. रस्ताभर तरास होईन."

तुला कधीच गाडी लागली नाही. बैलगाडी, टेम्पो, कशातच नाही. मी पुन्हा तुझ्याच अंगावर खोटं लादलं आणि पुन्हा एकटी निघाले. तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हौ प्रकाश, मले लागते गाडी." 

वच्छे, ते का म्हणालीस?

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी प्रकाशला म्हणाले, चाल, दाखव. आधी तर तो मला सापडेचना. मान वर केली तर सगळीकडे इमारती. मेट्रोत बसलो तर ती घुमटाच्या कमरेएवढ्या उंचीवरून गेली. आपण ज्याच्याखाली मान मोडून पाहायचो, त्याच्याकडे आता लोक खिडकीतून मोबाइलवरची नजर न काढता जवळजवळ बरोबरीनं जातात. प्रकाश म्हणाला, "आई, हा का तुमचा घुमट? केवढुसा आहे." त्याच्या कानाखाली वाजवावंसं वाटलं. लहानपणी पाठीला पावडर लावून त्याला ज्याच्याखाली झोपवलं, तो घुमट!

आता कोणी तिथून पत्ता सांगत नाही. खालच्या चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, चर्च ना, त्या मॉलच्या मागं. म्हणजे माझी बाजू हरली. लांबून दिसण्यासाठी घुमट असतो म्हणत होते ना मी? त्याच्यापेक्षा उंच उभं राहिलं की संपलं.

मग आत गेले. आणि आत, वच्छे, काहीही कमी झालेलं नव्हतं. बाहेर एवढा गोंगाट, आत माठातल्यासारखा गारवा. एका बाकावर एक मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन अभ्यास करत होती. एक सामान पोचवणारा पोरगा हेल्मेट शेजारी ठेवून डोळे मिटून बसला होता. एक म्हातारा काही तरी पुटपुटत होता. कोणी कोणाचं नव्हतं, आणि सगळे त्या एका डाल्याखाली. मी खोकले, तर वरून घुमट खोकला, हुबेहूब आपल्या सासऱ्यांसारखा. माझा हात आपोआप पदराकडे गेला. नवा डोळा लावून माथ्याकडे पाहिलं. मधोमध परातीएवढा एक गोल, बाकीच्याहून किंचित काळपट. माझं घमेलं. तुझं घमेलं.

तू बरोबर होतीस. घुमट आतला असतो. एवढं घरी येऊन सांगायचं होतं; पण सांगितलं तर कळणार होतं की तुला टाकून मी एकटी जाऊन आले. म्हणून तेही गिळलं. आणि तू रोज माझ्या डोळ्यात थेंब टाकायला यायचीस. माझं डोकं मांडीवर घेऊन, पापणी वर धरून म्हणायचीस, "आता तं बाई तुले वरून अजूनच साफ दिसत असन."

मी तुझ्या मांडीवर पडल्या पडल्या म्हणाले, "हौ. आता जहाजंबी दिसतात."

तुझं दुखणं फार लांबलं नाही. त्या शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवून यायचे, आज सांगायचंच. त्या मंगळवारी सुनंदा बाहेर कपडे वाळत घालत होती. तू खाटेवर, उशीत चेहरा एवढासा. मी म्हणाले, "वच्छे, एक सांगतो, आयकशीन?"

तू डोळे उघडलेस. "वरचं?"

"हौ, वरचंच. पन—"

"तं मंग सांग. पहिल्यापासून सांग."

आणि मी सांगितलं. तेच सांगितलं! तलाव, टेकडी, रूळ, हत्ती, समुद्र, जहाजं. सगळं ओळीनं. तुझा हात माझ्या हातात, आणि माझ्या तोंडातून खोटं असं वाहत होतं जसं पाटाला पाणी सोडलं. शेवटी तू विचारलंस, "अन् मी?" मी म्हणाले, "तू नळापाशी. हात हालवून राह्यली." तू हसलीस. तुझं ते हसणं मी तुझ्या समाधानाचं समजले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. दोन दिवसांनी तू गेलीस.

काल तुझ्या घरी सुनंदा तुझी लुगडी वाटत होती. ते हिरवं निघालं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मोठी आई, हे तुमाले. अन् एक डाव ते घुमटावरचं सांगा ना, आईले आवडे तसं." तेव्हा मला राहवलं नाही. मी लुगडं बाजूला केलं आणि सगळं सांगितलं. मामीच्या कानातलं, बल्लीची मिठी, मिटलेले डोळे, गाडी लागण्याचं, आणि मंगळवारी तुझा हात हातात धरून पुन्हा बोललेलं. म्हणाले, "पोरी, तुह्या मायले मी वर जाऊ देलं नाई, अन् मी सोता काई पाह्यलं नाई. हे लुगडं मले नोको देऊ."

सुनंदानं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती उठून जाईल. ती उठली, पाण्याचा गिलास आणला, माझ्यासमोर ठेवला, आणि तुझ्यासारखीच मान तिरपी करून म्हणाली:

"आईले सारं मालूम होतं, मोठी आई. थे सांगे, 'ऊन लागलं म्हून मी पोट्ट्याले घेऊन आत घुमटाखाली जाऊन बसली होती, नळापाशी कोनीच नोहतं.' मी इचारलं, 'मंग दर डाव काहून इचारतं वं तिले?' तं हासे अन् म्हने, 'तिनं मले वर जाऊ देलं नाई, मी तिले खाली उतरू देत नाई.'"